जरा स्लो घ्या!

ऑक्टोबर संपत आला की जगातल्या तमाम ऑफिसांमध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो, 'यंदा गिफ्ट काय द्यायचं?' तुमच्याकडे दिवाळीचं, आमच्याकडे लंडनात नाताळचं. तुमच्याकडे सोनपापडीचा डबा असतो. तो अकाउंट्समधून निघतो, एचआरमार्गे मार्केटिंगला जातो आणि शेवटी कुणाच्या तरी मावशीकडे पोचतो. उघडत कुणीच नाही! आमच्याकडे त्या डब्याचा एक इंग्रजी चुलतभाऊ आहे, सुगंधी मेणबत्ती. ती पेटवतही कुणी नाही. पुढच्या डिसेंबरात नवा कागद गुंडाळून ती पुन्हा ड्युटीवर हजर.

या मेणबत्तीवर इथल्या लोकांनी फार पूर्वीच एक साधा उपाय काढून ठेवलाय. एक बरणी घ्यायची. दुकानातून आणलेली जिन, व्होडका नाहीतर रम घ्यायची. त्यात मोसमातलं फळ आणि साखर घालून बरणी कपाटात ठेवून द्यायची. नाताळ आला की गाळायचं, छोट्या बाटल्यांत भरायचं, चिठ्ठी लावायची आणि वाटायचं. बस्स! इटलीत सोरेंटो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर लिंबाच्या सालींचं लिमोनचेल्लो करतात. जर्मनीत रुमटॉफ असतो, म्हणजे उन्हाळ्यापासून जे जे फळ बाजारात येईल ते थराथरानं रममध्ये घालत जायचं आणि नाताळच्या दिवसांत मडकं उघडायचं. पोलंडमध्ये प्रत्येक घराची आपापली नालेफ्का असते, आणि प्रत्येकाच्या मते आपल्या आजीचीच बेस्ट. आणि इंग्लंडची? स्लो जिन.

आता हा 'स्लो' म्हणजे हळू नव्हे. ते एका फळाचं नाव आहे, स्पेलिंगही वेगळं. पण मराठीत लिहिलं की दोन्ही एकच, आणि खरं सांगू, त्यात काही बिघडतही नाही. ही जिन फळाची आहे तितकीच सबुरीची आहे.

करवंदाची इंग्रजी चुलत बहीण

स्लो हे ब्लॅकथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाचं फळ. नात्यानं आलुबुखाराच्या घराण्यातलं, पण दिसायला टपोऱ्या करवंदाएवढं. रंग निळा-काळा, वर द्राक्षावर असते तशी पांढुरकी भुकटी आणि आत एकच बी. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्याचा मोसम. कच्चं खाल्लंत तर जीभ अशी आखडते की आवळा गोड वाटावा! म्हणूनच ते कुणी विकत नाही, कुणी विकत घेत नाही आणि कुंपणावर लगडून राहतं.

ही कुंपणं हा इंग्लंडच्या इतिहासाचा एक तुकडा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावांच्या सामायिक जमिनी कायदे करून एकेका मालकाच्या नावावर बांधल्या गेल्या आणि त्यांच्या कडेनं हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नची मैलोन् मैल कुंपणं लावली गेली. गाईगुरं आत राहावीत आणि माणसं बाहेर, म्हणून. कुंपणानं गावकऱ्याची जमीन नेली, पण कुंपणावरचं फळ तेवढं त्याच्यासाठी उरलं.

आणि इथे कायद्यानंही एक मस्त मेख मारून ठेवलीय. इंग्लंड-वेल्सच्या १९६८च्या चोरीविषयक कायद्यात असं म्हटलंय की रानात आपोआप उगवलेल्या झाडाची फळं, फुलं, पानं तोडणं ही चोरी नाही. मात्र तीच विकायला म्हणून तोडलीत, तर चोरी! म्हणजे बघा, स्वतःसाठी किंवा कुणाला द्यायला तोडलीत तर तुम्ही सज्जन, पैसे करायला तोडलीत तर चोर. गिफ्ट आणि धंदा यांतला फरक इतक्या नेमकेपणानं सांगणारा कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. (याचा अर्थ कुणाच्याही शेतात घुसावं असा मात्र नाही. पायवाटेवरून हाताला येईल तेवढंच.)

मला ही जागा दाखवली शेजारच्या आजींनी. लंडनहून ट्रेननं अर्ध्या तासावर हार्टफर्डशरमध्ये आमचं घर आहे, आणि त्यांच्या घरामागून शेतांकडे जाणारी एक पायवाट आहे. आजी ऐंशीच्या पुढच्या. हातात चामड्याचे जुने ग्लोव्हज, पायात गमबूट आणि तोंडानं सूचनांचा भडिमार. 'सगळी तोडायची नाहीत. निम्मी पाखरांना. आणि ओळख पटल्याशिवाय कुठलंही काळं फळ तोंडात घालायचं नाही.' शेवटचं वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. इथे काळी विषारी फळंही उगवतात. काटे, लाकडी फांद्या, भुकटी आणि एकच बी, ही स्लोची ओळख. वसंतात पानं फुटायच्या आधीच हे झुडूप पांढऱ्या फुलांनी भरून जातं. आजी तेव्हाच जागा हेरून ठेवतात!

बरणीत नेमकं होतं काय?

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, दारूत फळं? आता एवढंच राहिलं होतं!" मी आपली कृती सांगत राहिले. फळ, साखर, काळोख, रोज एकदा बरणी हलवायची... तिसऱ्या मिनिटाला तिचा सूर बदलला. "म्हणजे मुरवतेस होय! किती दिवस मुरतं ते?"

तिनं अगदी बरोबर शब्द पकडला. इंग्रजीत यासाठी दोन-तीन शब्द आहेत, पण 'मुरणं' या शब्दाची सर एकालाही नाही. लोणचं मुरतं, मोरांबा मुरतो, अनुभवी माणूसही मुरलेला असतो. सायन्सही सोपं आहे. साखर फळातला रस बाहेर ओढते. अल्कोहोल फळातला रंग आणि सुगंधी तेलं विरघळवून घेतो, जे नुसत्या पाण्याला तितकं जमत नाही. आणि काळोखामुळे रंग उडत नाही.

इथे एक गोष्ट ठळक करून सांगते. यात आपण दारू 'गाळत' नाही. तयार, कर भरलेली, सीलबंद बाटली विकत आणायची आणि तिला चव द्यायची, एवढंच. घरी भट्टी लावून स्पिरिट गाळणं इथे परवान्याशिवाय गुन्हा आहे, आणि घातकही. मिथेनॉल काय करतं हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. जून २०१५मध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. तेव्हा बाटली कुठून आली हे माहीत नसेल, तर ती बरणीत ओतायची नाही. फुकट मिळाली तरी नाही.

करायचं कसं?

५०० ग्रॅम स्लो, २५० ग्रॅम साखर, ७०० मिली जिन आणि दीड-दोन लिटरची घट्ट झाकणाची काचेची बरणी. जिन महागडी नको, सुपरमार्केटची स्वतःच्या नावाची साधी चालते. फळापुढे तिचे नखरे कुणाला कळणारेत!

जुने लोक पहिला फ्रॉस्ट पडल्यावर स्लो तोडायचे, कारण थंडीनं साल तडकते आणि रस सुटतो. आपण फळं धुऊन रात्रभर फ्रीजरमध्ये टाकायची. तोच परिणाम, थंडीत न कुडकुडता. फळं बरणीत, वर साखर, वर जिन. पहिला आठवडा रोज हलवा, नंतर आठवड्यातून एकदा. फळं जिनखाली बुडालेली हवीत. बिया फोडायच्या नाहीत. अख्ख्या असल्या की बदामासारखा हलका वास देतात, तेवढा पुरे.

दोन-तीन महिन्यांनी मलमलच्या कापडातून गाळा. पिळू नका, नाहीतर गढूळ होतं. बाटल्या गरम साबणपाण्यानं धुऊन ओव्हनमध्ये १४० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा, थंड झाल्या की भरा. एवढ्यात २०० मिलीच्या साधारण चार बाटल्या होतात. रंग असा येतो की खिडकीत धरून बघतच राहावं.

आता गणित. आज बरणी भरलीत तर नाताळपर्यंत जेमतेम दोन महिने होतात. पिण्यालायक होते, पण खरी चव वर्षभरानं येते. म्हणून आजींकडे पद्धत अशी की यंदा तोडलेलं पुढच्या नाताळला द्यायचं. त्यांच्या जिन्याखालच्या कपाटात दर वर्षाची एक बाटली आहे, प्रत्येकीवर साल आणि एखादी ओळ. 'पाऊस फार.' 'गुडघ्याचं ऑपरेशन, फळं शेजारणीनं तोडली.' ती शेजारीण मी! पुढच्या वर्षीच्या गिफ्टची तयारी या वर्षी करणं, म्हणजे पुढच्या वर्षीही आपण एकमेकांच्या आयुष्यात असणार आहोत हे न बोलता सांगणं. दर दोन वर्षांनी कंपनी आणि फ्लॅट बदलणाऱ्या आमच्या पिढीला हे जरा जड जातं. मलाही गेलं. पण करून बघण्यासारखं आहे.

टाइम नाहीये, बॉस?

सबुरी सगळ्यांनाच परवडत नाही. त्यांच्यासाठी काही फास्ट ट्रॅक प्रकार. लिंबाची किंवा संत्र्याची साल व्होडकात एक-दोन आठवडे. फक्त पिवळा-केशरी भाग घ्या, आतलं पांढरं कडू असतं. व्हॅनिलाची शेंग उभी चिरून रममध्ये आठवडाभर. वेलची आणि दालचिनी दोन-तीन दिवस. दालचिनी जास्त ठेवलीत तर सुतारकामाचा वास येतो! चहाची पत्ती दोन ते चार तास. हिरवी मिरची काही तासच, आणि तासातासानं चाखत. एका वेळी एकच चव ठेवा. आपला हात मसाल्याच्या डब्याकडे आपोआप जातो हे मान्य, पण सगळंच घातलं तर बिर्याणीचं पाणी होतं.

बिनजिनवाली बाटली

इथवर सगळं मजेचं. आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आमच्या टीममध्ये अकरा जण. बरण्या भरायच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, कारण चव प्रत्येकाची वेगळी. गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, 'कॉफी प्यायला येतेस?' खाली कॅफेत त्यानं सांगितलं की दारू सोडून त्याला चौदा महिने झालेत. टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, हा जिमवाला आहे, डाएटवर असेल.

'डिसेंबर सगळ्यात वाईट जातो,' तो म्हणाला. 'माझ्या डेस्कवर दर वर्षी चार-पाच बाटल्या येतात. क्लायंटकडून, बॉसकडून, सिक्रेट सांताकडून. घरी न्यायच्या नाहीत. परत द्यायच्या तर कारण सांगायचं. डेस्कवर ठेवल्या तर दिवसभर समोर. देणाऱ्याला वाटतं, छान गिफ्ट दिलं. विचारत कुणीच नाही.'

मी म्हटलं, तुझ्यासाठी दुसरं काहीतरी करते. त्यावर त्यानं जे मागितलं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तो म्हणाला, 'आत काहीही असू दे. पण बाटली बाकीच्यांसारखीच दे. तीच रिबन, तसंच लेबल. म्हणजे मला कुणाला काही सांगावं लागणार नाही.'

मग मी त्याच्यासाठी ब्लॅकबेरी व्हिनेगर केलं. हीसुद्धा इथली जुनीच चीज आहे, फळाचं व्हिनेगर थंड पाण्यात नाहीतर सोड्यात घालून प्यायचं. ५०० ग्रॅम ब्लॅकबेरी चेचून ३०० मिली सायडर व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस मुरत ठेवायच्या. मग गाळून जेवढा रस निघेल त्याच्या प्रत्येक ६०० मिलीला साधारण ४५० ग्रॅम साखर घालायची आणि दहा मिनिटं उकळायचं. थंड करून भरायचं. रंग? स्लो जिनच्या शेजारी ठेवलात तर सांगता येणार नाही.

लेबलचीही पद्धत मी बदलली. पुढच्या बाजूला सगळ्यांच्या बाटलीवर फक्त फळाचं नाव आणि साल. मागच्या बाजूला सगळी सत्यकथा. आत काय आहे, कुठलं स्पिरिट, अंदाजे किती टक्के, कधी भरलं. हे मागचं लेबल ऐच्छिक नाही हं. घरगुती दिसणारी बाटली लोक सरबत समजून मुलांच्या हातात देतात. स्लो जिन साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांची होते, गोड लागते म्हणून गाफील राहू नका. पन्नास मिलीचा एक छोटा ग्लास म्हणजे इथल्या हिशोबानं सव्वा युनिट, आणि इथल्या सरकारी डॉक्टरांचा सल्ला आहे आठवड्याला १४ युनिटांच्या आत राहण्याचा.

त्या वर्षापासून मी प्रश्नही बदलला. 'तू पितोस का?' असं विचारायचंच नाही. 'दोन प्रकार करतेय, जिनवाला आणि बिनजिनवाला. तुला कुठला?' एवढंच. कारण सांगायची पाळीच येत नाही. आणि गंमत बघा. अकरापैकी चौघांनी बिनजिनवाला मागितला. एकीच्या धर्मात बसत नाही, एकीला बाळ होणार होतं (हे आम्हाला जानेवारीत कळलं!), आणि एकाला नुसतंच आवडत नाही. चौथा तो. चौघांच्याही बाटल्या टेबलावर बाकीच्यांच्या रांगेत उभ्या होत्या आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही.

दुकानातून आणलेल्या बाटलीवर कंपनीचं नाव असतं. घरी केलेल्या बाटलीवर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. घेणारा कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर इतके महिने मुरवून तरी काय उपयोग?

आणि तुमच्याकडे?

'आम्हालाही पाठव ना!' अशा फर्माइशी येणार हे ठाऊक आहे. सॉरी मंडळी, जमणार नाही. २४ ते ७० टक्के अल्कोहोलवाली बाटली विमानातून न्यायची तर ती दुकानातल्या मूळ पॅकिंगमध्येच लागते. रिबनवाल्या घरगुती बाटलीला एन्ट्री नाही. शिवाय महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. प्यायला परवाना लागतो, स्पिरिटसाठी वय २५ पूर्ण असावं लागतं, आणि घरी मिसळून वाटण्याचे उद्योग त्या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकांना माझा सल्ला, तुमची बरणी बिनजिनवालीच ठेवा.

आणि त्यात तुम्ही आमच्यापुढे आहात! कोकणात एप्रिल-मेमध्ये कोकमाच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात आणि अमृत कोकम करतात. ते तंत्र हेच तर आहे, साखरेनं रस ओढायचा आणि मुरू द्यायचं. नाताळसाठी हवं असेल तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नोव्हेंबर-डिसेंबरात यायला लागते. वर दिलेल्या मापानं तिचं व्हिनेगर करा. चार-पाच दिवसांचं तर काम आहे. सोड्यात दोन चमचे आणि वर पुदिन्याचं पान. एकदम हटके!

तेव्हा या वीकेंडला मॉलच्या रांगेत उभं राहण्याऐवजी गिफ्टची यादी घेऊन बसा. प्रत्येक नावापुढे किंमत लिहू नका. त्या माणसाला काय आवडतं ते लिहा. जिथे काहीच सुचणार नाही, तिथे आधी फोन करा, बरणी मग भरा. आणि एक बाटली बाजूला ठेवून तिच्यावर पुढच्या वर्षाची तारीख टाका. कुणाबरोबर उघडायची हे ठरवायला आख्खं वर्ष आहे.

चीअर्स! जिननं किंवा बिनजिननं.